संपत्तीतली विषमता एवढी वाढत असताना सामान्य माणूस नेमकं काय करू शकतो?

तुम्ही विचारलंय की मूठभर लोकांकडे एवढा पैसा साचत असताना पगारावर जगणाऱ्या माणसाने काटकसर करायची, पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि गप्प बसायचं, याखेरीज त्याच्या हातात काही उरतं का. माझ्या मते बरंच काही उरतं. मात्र त्यातलं एकट्याने करण्यासारखं फार थोडं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी ही दरी कशी रुंदावते ते बघू. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांना एकूण उत्पन्नापैकी ५२ टक्के मिळतं आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येला साडेआठ टक्के. संपत्तीचे आकडे याहून वाईट आहेत. वरच्या १० टक्क्यांकडे ७६ टक्के, खालच्या निम्म्यांकडे मिळून जेमतेम २ टक्के. कारण उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरतं त्याचीच संपत्ती होते, आणि अर्ध्या जगाकडे महिनाअखेरीस काही उरतच नाही.

समजा एकाकडे १,००० आहेत आणि दुसऱ्याकडे १०. दोघांनाही वर्षाला ६ टक्के परतावा मिळतो आणि दोघंही त्याला हात लावत नाहीत. साधारण १२ वर्षांत पैसे दुप्पट होतात, ३६ वर्षांत आठपट. पहिल्याचे ८,००० झाले, दुसऱ्याचे ८०. कुणी कुणाला लुबाडलं नाही, कुणी आळस केला नाही, तरी ९९० चं अंतर ७,९२० वर गेलं. प्रत्यक्षात तर दुसऱ्याला आजारपणात ते १० मोडावे लागतात, वर कर्ज काढावं लागतं आणि त्या कर्जाचं व्याज फिरून पहिल्यासारख्याच कुणाच्या तरी खात्यात जमा होतं. म्हणून ‘बचत करा, गुंतवणूक शिका’ हा सल्ला स्वतःच्या घरासाठी उत्तम आहे, तो जरूर पाळा. पण त्याने दरी बुजेल असं कुणी सांगितलं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

मग हे असंच चालायचं का? इतिहास तसं म्हणत नाही. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये निम्म्याहून जास्त संपत्ती वरच्या एका टक्क्याच्या हातात होती. पुढच्या साठेक वर्षांत तो वाटा खूप खाली आला. त्यात महायुद्धांचा हात होता हे खरं, पण वारसा कर, चढते आयकर, बळकट कामगार संघटना, सरकारी घरं, शाळा आणि दवाखाने यांचाही होता. अमेरिकेत १९५० च्या दशकात उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ९१ टक्के कर होता. १९८८ पर्यंत तो २८ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याच सुमारास दरी पुन्हा वाढू लागली. नियम बदलले की दरी कमीही होते आणि वाढतेही. ते नियम माणसंच बदलतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते. मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलंय, त्यामुळे मी पगारापासूनच सुरुवात करणार. पगारपत्रक बनवणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी बाकी कुणालाच दिसत नाही. शेजारी शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात मोठा फरक असतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. ज्याने रुजू होताना घासाघीस केली त्याला जास्त. जी बाई बाळंतपणानंतर परत आली तिला कमी. ज्याला नोकरीची फार गरज होती त्यालाही कमी, कारण त्याची गरज समोरच्याने ओळखलेली असते. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे पहिल्या दिवशी पडलेला फरक वर्षागणिक फुगत जातो. आणि आपला पगार कुणाला सांगायचा नाही, अशी समज प्रत्येकाला दिलेली असते. ही गुप्तता मालकाच्या फायद्याची आहे. तुमच्या फायद्याचं त्यात काहीही नाही.

याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. लिली लेडबेटर ही बाई अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गुडइयरच्या टायर कारखान्यात १९७९ पासून जवळजवळ १९ वर्षं कामाला होती. नोकरीच्या शेवटी शेवटी कुणीतरी नाव न लिहिता तिच्यासाठी एक चिठ्ठी ठेवली. तिचा स्वतःचा आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचा पगार त्यात लिहिलेला होता. खटल्याच्या नोंदींनुसार तिला महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांपैकी सर्वांत कमी पगार ४,२८६ आणि सर्वांत जास्त ५,२३६ होता. ती कोर्टात गेली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला, कारण पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तिने तक्रार केली नव्हती. जी गोष्ट तिला माहीतच नव्हती तिची तक्रार तिने कशी करायची होती? लोक चिडले, प्रश्न संसदेत गेला आणि २००९ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. तिला स्वतःला बुडालेल्या पगारातलं काही मिळालं नाही. पेन्शनही पगारावरच ठरते, त्यामुळे म्हातारपणीसुद्धा तिला कमीच मिळत राहिलं. पगारातली तफावत संपत्तीतली तफावत बनते ती अशी.

मला या सगळ्यात ती चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची वाटते. ती लिहिणारा कुणी पुढारी नव्हता, त्याने फक्त आकडे लिहिले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पगारातल्या पारदर्शकतेचा नियम केला. त्यानुसार उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही आणि त्याच कामासाठी इतरांना सरासरी किती मिळतं हे विचारण्याचा हक्क कामगाराला मिळतो. पण कायद्याची वाट बघत बसू नका. आपल्या इथे पगाराबद्दल बोलण्यावर काही कायदेशीर बंधन आहे का ते एकदा तपासा आणि मग विश्वासातल्या एका सहकाऱ्याला आपला आकडा सांगा. नवीन लागलेल्यांना आवर्जून सांगा, कारण त्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते.

इथून पुढची पायरी संघटनेची. एकटा माणूस पगारवाढ मागतो तेव्हा तो विनंती करत असतो, पन्नास जण एकत्र मागतात तेव्हा वाटाघाट होते. अमेरिकेत १९५० च्या दशकात साधारण एक तृतीयांश कामगार संघटित होते, आज जेमतेम दहातला एक आहे, आणि त्याच काळात वरच्यांचा वाटा वाढत गेला. सगळा दोष या एका गोष्टीचा नाही, तंत्रज्ञान आणि जागतिक व्यापारही त्यात आहेत. तरी संघटनेचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. संघटनांमध्ये राजकारण असतं, काही पुढारी विकले जातात, हे मी जवळून पाहिलंय. त्यावर उपाय म्हणजे सभेला जाणं, हिशेब मागणं आणि निवडणुकीला उभं राहणं.

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे, कारण संपत्ती म्हणजे शेवटी मालकी. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, जेमतेम २८ पौंड भांडवल गोळा करून दुकान काढलं. त्या काळी दुकानदार पिठात भेसळ करत, मापात मारत. काही गिरणीमालक तर मजुरी अशा रूपात देत की ती त्यांच्याच दुकानात खर्च करावी लागे. या लोकांनी लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्याच मालावर सुरुवात केली. माल शुद्ध, माप पुरं. भांडवल कितीही घातलं तरी प्रत्येकाला एकच मत, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे हीच तत्त्वं उचलली. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ पासून वाढत गेलेल्या मोंद्रागोन समूहात कामगारच मालक आहेत आणि वरिष्ठांचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या साधारण सहापटीपुढे जाऊ दिला जात नाही. सहकारी संस्था बुडतात, काही माणसं त्या गिळंकृत करतात. पण सभासद हिशेब बघणारे असतील तर नफा बाहेर न जाता त्यांच्याचकडे राहतो. तुमच्या जवळपास पतसंस्था, ग्राहक भांडार किंवा घरबांधणी संस्था असेल तर नुसतं खातं उघडून थांबू नका. वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागून घ्या.

आता मताबद्दल. एका मताने काय होतं, हा तुमचा प्रश्न मला पटतो, कारण मत देऊन घरी गेलं की फार काही होत नाहीच. ब्रिटनमध्ये १९०९ साली अर्थमंत्री लॉईड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर आणि जमिनीवर जास्त कर लावणारा अर्थसंकल्प मांडला. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसारख्या गोष्टींसाठी पैसा हवा होता. उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. मग १९१० मध्ये एकाच वर्षात दोन निवडणुका झाल्या, पहिलीनंतर अर्थसंकल्प मंजूर झाला आणि १९११ च्या कायद्याने पैशांसंबंधीची विधेयकं अडवण्याचा उमरावांचा अधिकारच गेला. लोकांना तेव्हा माहीत होतं की आपण कशावर मत देतोय. आज उमेदवाराला आपण रस्ता आणि पाणी विचारतो, ते विचारलंच पाहिजे. पण श्रमाच्या कमाईवर किती कर आणि शेअर्स, जमीन, वारसा यांतून आलेल्या पैशावर किती, हे कितीजण विचारतात? वस्तूंवरचा कर गरिबाच्या उत्पन्नाचा मोठा घास घेतो, कारण त्याचं जवळजवळ सगळं उत्पन्न खर्च होतं. ‘श्रीमंतांवर कर लावला की ते पळून जातात’ हे उत्तर ठरलेलं असतं. काही जातातही. म्हणूनच देशांनी मिळून नियम करणं गरजेचं असतं. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा यावर २०२१ मध्ये १३० हून अधिक देश तयार झाले. त्यात पळवाटा आहेत, पण असं काही होऊच शकत नाही असं त्याआधी कितीतरी वर्षं सांगितलं जात होतं.

दानाबद्दल थोडक्यात सांगतो. जरूर करा, भुकेला माणूस कायदा बदलेपर्यंत थांबू शकत नाही. पण शाळा आणि दवाखाने दात्याच्या मर्जीवर चालू नयेत. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना आणि सार्वजनिक बस ही ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांची संपत्ती आहे. खासगी परवडत असलं तरी या सोयी पूर्ण सोडू नका. बोलता येणारी, तक्रार लिहिता येणारी माणसं तिथून निघून गेली की त्या ढासळायला वेळ लागत नाही.

हे सगळं एकदम सुरू करायचं म्हटलं तर काहीच होणार नाही. तुम्ही नोकरीत आहात असं लिहिलंय, तर या महिन्यात एकच करा. तुमच्याच हुद्द्यावरच्या एका सहकाऱ्याला, शक्य तर तुमच्यानंतर रुजू झालेल्याला, आपला पगार सांगा आणि त्याचा विचारा. फरक निघाला तर तिसऱ्यालाही सोबत घ्या आणि तिघांनी मिळून लेखी विचारणा करा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर खाली सांगा, मी करून देईन.