मांड्या भरून येतात त्या उतारामुळे, लॅक्टिक ऍसिडमुळे नाही

राजगड चढताना काही झालं नाही, पण चोर दरवाज्याच्या वाटेने गुंजवण्यात उतरलात आणि मंगळवारी घरचा जिना उतरता येईना. मित्र म्हणतात लॅक्टिक ऍसिड साठलंय, ते खरं का, असं तुम्ही विचारलंयत. मी फिजिओ आहे, ट्रेकचा सीझन सुरू झाला की हा प्रश्न येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅक्टिक ऍसिड नाही. दम लागेपर्यंत चढल्यावर रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक ऍसिडचंच रूप) वाढतं हे बरोबर, पण थांबलात की तासाभरात ते पूर्ववत होतं, हृदय आणि दुसरे स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. रविवारचं मंगळवारपर्यंत उरतच नाही.

खरं कारण स्नायूच्या बांधणीत आहे. शिजलेली चिकनची तंगडी बोटांनी सोडवून बघा, लांब लांब धागे सुटतात ना, त्या तंतूंच्या जुड्या. त्यातला एकेक तंतू म्हणजे अख्खी एक पेशी, जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक पण लांबीला कित्येक सेंटिमीटर, आणि तिच्यात एक नाही तर ढीगभर केंद्रकं. तंतूच्या आत अजून बारीक दोरे आणि त्यांच्यात ओळीने सार्कोमियर नावाचे कप्पे, एकेक साधारण २ ते २.५ मायक्रॉनचा, म्हणजे १ सेंमी लांबीत एकापुढे एक ४ ते ५ हजार! कप्प्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ऍक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे दोन हातांची बोटं गुंफावीत तसे बसलेले असतात. मेंदूकडून निरोप आला की आत कॅल्शियम सुटतं, मायोसिनच्या धाग्यांची बाहेर आलेली टोकं, म्हणजे डोकी, ऍक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, परत पुढे पकडतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडलं, आणि दोन्हीकडे हक्सली आडनावाचे एकेक शास्त्रज्ञ होते, नात्यातले मात्र नव्हेत. पकड सोडायलासुद्धा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, मेल्यावर शरीर ताठ होतं ते एटीपी संपल्यामुळेच.

आता उताराचं बघा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना गुडघा वाकतो, म्हणजे तोच स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी तुमचं वजन, सॅक धरून ब्रेकही लावत असतो. पकडलेली डोकी उलट्या बाजूला खेचली जातात. त्यात ब्रेक लावायला तंतू कमी कामाला लागतात, म्हणून प्रत्येकावर ताण जास्त. काही कप्पे प्रमाणाबाहेर ताणले जाऊन विस्कटतात, मग सूज आणि दुरुस्तीचं काम सुरू होतं ते सावकाश, म्हणून दुखणं उशिरा सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं.

उपाय म्हणाल तर हलकं चालणं, नीट झोप, डाळ-उसळ-अंडी जे खात असाल ते भरपूर. मसाजने थोडं बरं वाटतं, स्ट्रेचिंगने विशेष फरक पडत नाही. स्नायू हे लक्षात ठेवतो, पुढच्या काही आठवड्यांत परत उतरलात तर खूपच कमी दुखेल. म्हणून ट्रेकच्या २-३ आठवडे आधीपासून जिने हळूहळू उतरायची प्रॅक्टिस करा, चढायला हवी तर लिफ्ट घ्या पण उतरा पायी.

आणि हो, मांड्या टणक सुजल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात किडनीला धोका असतो.