उदास संध्याकाळची यादी लावताना

सगळ्यात आधी ती 'माझी आवडती' नावाची भलीमोठी यादी बाजूला ठेव. तिच्यात लावणीमागून अभंग आणि अभंगामागून लग्नातलं नाचाचं गाणं येतं, मन कुठेच टेकत नाही. वेळ आणि काम धरून याद्या कर: सकाळचा स्वयंपाक, परतीची लोकल, रात्रीचा अभ्यास. या पटकन जमतात.

उदास मनाच्या यादीला मात्र वेळ दे. मन खट्टू असताना एकदम उडतं गाणं लावलं तर ते टोचतं. आधी मन जिथे आहे तिथलाच सूर हवा. मी मारवा रागापासून सुरुवात करते. त्यात पंचम म्हणजे 'प' नाही, रिषभ म्हणजे 'रे' कोमल, म्हणजे नेहमीपेक्षा जरा खालचा, आणि गायक षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर येणं लांबवत राहतो. दिवेलागणीची हुरहुर इतकी नेमकी मला दुसऱ्या कुठल्याच रागात सापडत नाही. मग पूरियाधनाश्री: रिषभ कोमलच, पण पंचम आल्याने आधार वाटतो. त्यानंतर शुद्ध रिषभाचा मोकळा यमन. शेवटी द्रुत लयीतलं एखादं नाट्यपद.

अख्खा बडा ख्याल, म्हणजे रागातलं संथ, लांबलचक गायन घेऊ नकोस, जलद लयीतला छोटा ख्याल पुरे. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरची साधारण ३ मिनिटांची ध्वनिमुद्रणं इथे फार कामाची. ती आवाजाला बारीक असतात, म्हणून ॲपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू कर. आणि शफल बंद! नाहीतर हा सगळा क्रम वाया.

जे गाणं तू सलग दोनदा पुढे ढकललंस, ते यादीतून काढून टाक.