साडेआठची एसटी आणि उपग्रहाचा पाऊस

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, 74 टक्के, सीईटीला 81 पर्सेंटाइल. तिला बी.एस्सी. करायचंय आणि पुढे जगभरातली पर्यावरणाची निरीक्षणं एका जागी देणाऱ्या पोर्टलवर काम करायचंय म्हणते. पुण्याचा भाचा म्हणतो, पोर्टल कॉम्प्युटर इंजिनिअरच बनवतात. म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून तिला कॉम्प्युटरला घालायचं ठरवलंय, बागेवर कर्ज काढू. दोन वर्षं ही अंगणात डबा ठेवून पाऊस मोजते, वहीत लिहिते. बरोबर साडेआठलाच मोजायचा म्हणून एसटी चुकवते. अशाने पोट भरतं का? चांगलं कॉलेज सुचवावं. हे पत्र पाठवल्याचं तिला माहीत नाही.
— एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. टक्के ठीक आहेत, पर्सेंटाइलवर रडण्यासारखं काही नाही. पण जिच्या चार वर्षांचा निर्णय होतोय, तिलाच त्याचा पत्ता नाही. भाच्याला विचारलंत, मला विचारलंत, बँकेतही एक फेरी झाली असेल. कर्जाचा हप्ता कलमं फेडतील असं तुम्ही धरून चाललाय, आणि मोहोर करपला तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तशा एखाद्या वर्षी ती एका विषयात अडकली, तर ‘तुझ्यासाठी बाग गहाण टाकली’ हे घरात कुणीतरी बोलणारच. तुम्ही गप्प राहिलात तरी पाहुणे बोलतील. त्या ओझ्याखाली कुणाचा अभ्यास होत नाही. म्हणून कॉलेजचं नाव मी देत नाही.

आता ती एसटी. हवामान खातं 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं आणि त्या सकाळची तारीख लावतं. मुलगी साडेआठचा हट्ट धरते तो बहुधा म्हणूनच. उपग्रहांवरून काढलेला, ‘आयमर्ग’ या नासाच्या माहितीसंचातला रोजचा पाऊस मात्र जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते दुसऱ्या पहाटे साडेपाच असा धरलेला असतो, आणि त्याला सुरुवातीची तारीख असते. त्यामुळे एकाच रात्री कोसळलेला पाऊस खात्याकडे 7 जुलैला सापडतो आणि उपग्रहाच्या फाइलमध्ये 6 जुलैला. दोन्ही आकडे शेजारी मांडणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर उपग्रह खोटा ठरतो. ज्याला तुम्ही खूळ म्हणताय, तीच या कामातली पहिली शिस्त आहे.

भाचा अर्धा बरोबर आहे. सर्व्हर, शोधयंत्रणा, पडद्यावरचा नकाशा याला प्रोग्रॅमर लागतातच. पण पोर्टल म्हणजे मोठी वेबसाइट, हा समज चूक आहे. 2005 साली स्थापन झालेल्या, जिनिव्हात सचिवालय असलेल्या ‘ग्रुप ऑन अर्थ ऑब्झर्वेशन्स’चं जागतिक पोर्टल घ्या. बहुतेक मूळ माहिती त्याच्याकडे साठवलेली नसतेच, ती ज्या त्या संस्थेकडे राहते. पोर्टल गोळा करतं ते तिच्या नोंदी, म्हणजे मेटाडेटा : काय मोजलं, कुठे, केव्हा, कुठल्या उपकरणाने, कुठल्या एककात, वापरायची परवानगी कोणाला. घोळ होतात ते इथेच. एक प्रणाली अक्षांश आधी लिहिते, दुसरी रेखांश. अदलाबदल झाली की देवगडचं केंद्र नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. ढगांमुळे जिथे समुद्राचं तापमान मोजता आलं नाही, तिथे फाइलमध्ये -9999 किंवा -32768 भरलेलं असतं. ‘माहिती नाही’ असा त्याचा अर्थ. तो आकडा सरासरीत घेतला की भर जुलैत अरबी समुद्र गोठतो! हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांचं बघा. 25 जानेवारी 2022 पासून त्यांच्या आकड्यांत 1000 मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या पद्धतीच्या प्रतिमांशी तुलना केली, तर तुमच्या धडधाकट बागेची हिरवाई घटलेली दिसेल. प्रोग्रॅम कुठे अडत नाही, नकाशा सुबक येतो आणि चुकीचा असतो. हे पकडायला माहिती कशी जन्मली ते कळणारा माणूस लागतो, नुसतं कोडिंग पुरत नाही.

पोट भरण्याचं म्हणाल, तर हवामानावर आधारित फळपीक विमा तुम्हीही घेत असाल. अवेळी पावसाची किंवा तापमानाची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बागेत काय झालं त्यावर नाही. नोंदी नीट ठेवणाऱ्यावर तुमचे स्वतःचे पैसे अवलंबून आहेत.

तरी गुलाबी चित्र रंगवत नाही. कायम सरकारी जागा मोजक्या. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था), अहमदाबादचं अंतराळ उपयोग केंद्र, नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं दूरसंवेदन केंद्र) अशा ठिकाणी शिरकाव बहुधा प्रकल्पावरच्या कंत्राटी जागेने होतो, आणि प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. खाजगीत काम आहे, पण पायथन आणि संख्याशास्त्र आल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. रस्ता नेहमीचाच : भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा भूगोल घेऊन बी.एस्सी., मग जॅम या आयआयटींच्या प्रवेशपरीक्षेतून किंवा विद्यापीठाच्या परीक्षेतून एम.एस्सी., पुढे हवी तर गेट ही परीक्षा, तिच्यात जिओमॅटिक्सचा, म्हणजे भूमापन आणि नकाशांच्या शास्त्राचा, वेगळा पेपर आहे.

हे पत्र आता तिला वाचायला द्या. तिच्यासाठी चार आठवड्यांचं काम सांगतो, खर्च शून्य. देवगड तालुक्याबद्दलच्या दहा माहितीसंचांची यादी एक्सेलमध्ये करायची. रकाने : नाव, चार सीमांचे अक्षांश-रेखांश, पहिली आणि शेवटची तारीख, किती दिवसांनी नवी नोंद, एकक, फाइलचा प्रकार, परवाना, नसलेल्या नोंदीची खूण. पहिली ओळ स्वतःच्या वहीची. डब्याच्या भिंती सरळ आहेत का, पागोळीपासून तो किती लांब ठेवलाय, आणि परगावी गेली त्या दिवशी वहीत शून्य लिहिलंय की जागा कोरी सोडलीय? शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, कोरं म्हणजे मोजला नाही. हे दोन्ही एक केले असतील तर आधी ते निस्तरायचं. मग आयमर्ग, सेंटिनेल, इस्रोचं भुवन हे नकाशांचं पोर्टल, इन्कॉइसचे मासेमारी क्षेत्राचे अंदाज. सेंटिनेल-2 मधून पावसाळ्यात कोकणावर बहुतेक ढगच दिसतील, तेव्हा ढगांपलीकडे पाहणारं सेंटिनेल-1 चं रडारही यादीत असू दे. शेवटी एका जुलैची वही तारखेचा फरक सांभाळून आयमर्गशी ताडून बघायची. तिथला एक चौकोन साधारण 11 किलोमीटरचा असतो, त्यामुळे अंगणातला आकडा तंतोतंत जुळणार नाही. किती फरक येतो आणि का, हे तिने अर्ध्या पानात लिहावं.

दहापैकी चौथ्या ओळीलाच कंटाळा आला, तर हा नाद सोडलेला बरा, कारण रोजचं काम असंच असतं. मग ती स्वतः कॉम्प्युटर म्हणाली तर खुशाल घाला, पण कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत मिळेल त्या जागेवर.

तोवर बी.एस्सी. आणि कॅप, दोन्हींचे फॉर्म भरून ठेवा. बी.एस्सी.च्या याद्या बहुधा आधी लागतात. तिथे प्रवेश घेताना मूळ दाखला जमा करावा लागेल, त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढा, आणि प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळते ते पावती घेण्यापूर्वी लेखी विचारा.