पर्समध्ये दोन महिने पडलेला पर्चा

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार. मी ४९ वर्षांची, सुदामानगरला राहते, शाळेत प्रायमरीला शिकवते. पाळी बंद होऊन चौदा महिने झाले. दिवसा कसंतरी निभतं पण रात्री तीन-चार वेळा अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होतं, छातीतून मानेपर्यंत चढत जातं, गाऊन ओला होतो आणि मग लगेच थंडी वाजते. डिसेंबरात मी पंखा लावते आणि हे रजई घेऊन हॉलमध्ये झोपायला जातात. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलो होतो तर मधेच उठून बाहेर यावं लागलं इतकं गुदमरलं. शाळेत मुलांवर ओरडते आणि मग वॉशरूममध्ये जाऊन रडते. इथल्या गायनॅकनी हार्मोनचं जेल आणि रात्रीची एक गोळी लिहून दिलीये पण तो पर्चा दोन महिने पर्समध्येच पडलाय. माझ्या मावशीला ६१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे हात पुढे होत नाही. सासूबाई म्हणतात आम्ही काय गोळ्या घेतल्या होत्या का, निघून जातं सगळं. मला बीपीची एक गोळी चालू आहे, बीपी कंट्रोलमध्ये असतं. पिशवी काढलेली नाही. घेऊ की नको तेवढं सांगा.
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी सासूबाईंचं बघू, कारण हे वाक्य मला ओपीडीत रोज ऐकू येतं. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांनी खरंच सोसलं. माझी आईसुद्धा. स्नेहलतागंजच्या आमच्या जुन्या घरात ती रात्री उठून जिन्याच्या पायरीवर बसायची, हातात पुठ्ठ्याचा पंखा, आणि आम्ही विचारलं की म्हणायची ऊन बाधलंय गं. जानेवारीत कसलं ऊन! तेव्हा मला कळलं नाही, आणि नंतर ७१ व्या वर्षी बाथरूममध्ये साधं पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा कळलं की त्या वीस वर्षांत हार्मोन कमी झाल्याने हाडंही आतून झिजत गेली होती. म्हणून "निघून जातं" हे मला अर्धंच पटतं. वाफा बहुतेकींच्या कमी होतात हे खरं, पण त्याला सरासरी सात वर्षं लागतात, काहींना दहा, आणि सात वर्षं रोज रात्री चारदा उठणाऱ्या बाईने दिवसा तीस मुलं सांभाळायची म्हणजे काय ते तुम्हीच लिहिलंय.

आता मुख्य भीती, कॅन्सरची. ही भीती आली कुठून ते सांगते म्हणजे तुम्हाला तिचं वजन करता येईल. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्यातला एस्ट्रोजेन (पाळी जाताना शरीरात कमी होणारं हार्मोन) अधिक प्रोजेस्टिनवाला (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन) भाग २००२ च्या जुलैमध्ये मुदतीआधीच थांबवला आणि जगभर बातमी झाली की हार्मोनने कॅन्सर होतो. डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं, बायकांनी डबे फेकून दिले. पण आकडे काय होते बघा. दहा हजार बायका एक वर्ष औषध घेतायत असं धरलं तर न घेणाऱ्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर ३० जणींना आणि घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नाही, ज्या घरात ती आठवी बाई असते तिथे ते पूर्ण शंभर टक्के असतं, हे मी कधी विसरत नाही. पण "घेतलं की होतोच" असा जो समज घरोघरी पसरला तो मात्र चुकीचा. दुसरं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली, आणि त्यांना दिलेलं औषध होतं घोडीच्या लघवीपासून काढलेलं एस्ट्रोजेन आणि एक कृत्रिम प्रोजेस्टिन, दोन्ही तोंडावाटे. तुम्ही ४९ च्या, पाळी जाऊन वर्ष-सव्वा वर्ष. हे दोन वेगळे हिशोब आहेत. नंतर त्याच अभ्यासाची वयाप्रमाणे फोड केल्यावर दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बऱ्याच जणींसाठी फायद्याचं पारडं जड असतं, उशिरा सुरू केलं तर हार्टचा आणि स्ट्रोकचा धोका वाढत जातो. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, या औषधांवरचे काळ्या चौकटीतले बरेचसे इशारे काढायचं जाहीर केलं. त्याचे फॉरवर्ड आता "हार्मोन सगळ्यांनी घ्यावं" अशा मथळ्याने फिरतायत, तेही डोक्यावर घेऊ नका. सगळ्यांसाठी हे औषध नव्हतंच कधी.

मावशीबद्दल. एकच मावशी आणि तीही साठीनंतर, एवढ्यावरून दार बंद होत नाही. पण आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंना नीट विचारा, कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कुणाला अंडाशयाचा, एकाच बाजूला दोन-तीन जणी, असं काही निघालं तर गायनॅकना सांगा, मग आधी जनुकांच्या तपासणीचा विचार करावा लागेल. हे विचारणं अवघड जातं मला माहितीये, आपल्याकडे घरात "तिला गाठ झाली होती" एवढंच सांगतात आणि विषय बदलतात. तरी विचारा.

तुमच्या डॉक्टरांनी जेल लिहिलंय हे मला आवडलं. गोळीतलं एस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं, म्हणून पायात किंवा फुफ्फुसात गुठळी व्हायचा धोका वाढतो. कातडीतून गेलेलं एस्ट्रोजेन तो वळसा घेत नाही, त्यामुळे नेहमीच्या डोसमध्ये गुठळीचा धोका तसा वाढताना दिसत नाही, आणि बीपीवालीला म्हणूनच जेल किंवा पॅच बरा पडतो. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर लावायचं, वाळू द्यायचं, लगेच लहान मुलाला त्या हाताशी घ्यायचं नाही. स्तनांवर कधीही लावायचं नाही. आणि रात्रीची गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉन, ती कंटाळा करून सोडू नका कारण पिशवी असलेल्या बाईने नुसतं एस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन असेल तर थोडी झोपही येते, म्हणून रात्रीच लिहितात.

घ्यायच्या आधी मॅमोग्राफी, बीपी, शुगर, लिपिड, टीएसएच (थायरॉइड बिघडलं की घाम, धडधड, चिडचिड अगदी अशीच होते), पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) झाली नसेल तर ती. इंदूरमध्ये या सगळ्या तपासण्या होतात, एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्येही जाता येईल. कधी पायात गुठळी झाली असेल, स्ट्रोक, हार्ट अटॅक, लिव्हरचा चालू आजार, स्वतःला स्तनाचा कॅन्सर, किंवा पाळी गेल्यावर अंगावरून गेलं असेल आणि कारण सापडलं नसेल, तर हे औषध नाही. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाहीये.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं दिवस राहू शकतात असं धरूनच चालायचं असतं, आणि हे हार्मोन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. तुम्हाला अजून दहा महिने काळजी घ्यायचीये.

मग घेऊ की नको? तुमच्या जागी मी असते तर मॅमोग्राफी करून घेतलं असतं. मी स्वतः ५१ व्या वर्षी घेतलं, चार वर्षं. पण तुमच्या जागी तुम्ही आहात, आणि मावशीचा आजार तुम्ही जवळून बघितला असेल तर रोज जेल लावताना तीच डोळ्यासमोर येणार असेल तर त्या औषधाने झोप कशी लागेल? तसं असेल तर हार्मोनशिवायचे मार्गही आहेत. व्हेनलाफॅक्सीन किंवा कमी डोसची पॅरोक्सेटीन, रात्रीच्या त्रासाला गॅबापेंटिन, आणि कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणजे बोलण्याची ट्रीटमेंट, यांनी फरक पडतो, हार्मोनइतका नाही पण पडतो. सोयाच्या गोळ्यांवर फार भरवसा ठेवू नका. नको ठरवलंत तर तेही डॉक्टरांना जाऊन सांगा, पर्चा नुसता पर्समध्ये ठेवू नका, कारण हाडांचं मग वेगळं बघावं लागेल.

घेतलंत तर दोन-चार आठवड्यांत वाफा कमी वाटायला लागतात, पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो. पहिले काही महिने थोडं डाग लागणं, स्तन दुखणं होऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही अंगावरून जात असेल तर सोनोग्राफी. दरवर्षी एकदा बसून परत ठरवायचं की चालू ठेवायचं का. पाच वर्षांनी बंदच करा असा नियम नाही, पण प्रोजेस्टेरॉनसकट घेतलं तर वर्षं वाढतात तसा स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही थोडा थोडा वाढतो आणि बंद केल्यावर तो एकदम जात नाही, हळूहळू उतरतो. हे मी झाकून ठेवणार नाही.

प्रश्न : माझी बहीण ४२ वर्षांची, बडोद्याला असते. गाठींमुळे पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले. तिला कुणी काहीच औषध दिलं नाही, नुसतं कॅल्शियम. हे बरोबर आहे का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : तिचे कागद बघितल्याशिवाय बरोबर-चूक म्हणत नाही, पण प्रश्न तिने नक्की विचारायला हवा, आणि लवकर. ज्या बाईचे अंडाशय ४५ च्या आत काढलेत तिचं एस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, हळूहळू नाही, आणि अशा बायकांना हाडांचा आणि हार्टचा त्रास लवकर येतो. म्हणून मनाई करणारं कारण नसेल तर निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावं असंच सांगितलं जातं. वरच्या ताईंचा कॅन्सरचा हिशोब तिला लावू नका, ती फक्त शरीराने एरवी स्वतः बनवलं असतं तेवढंच परत घेतेय. पिशवी नाही म्हणून बहुधा नुसतं एस्ट्रोजेन पुरेल. त्याच अमेरिकन अभ्यासात पिशवी काढलेल्या बायकांच्या गटात, जो २००४ मध्ये थांबवला, स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता, पुढे तर थोडा कमीच दिसला. फक्त त्या गाठी कसल्या होत्या, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) होतं का, बायोप्सीत काय आलं, हे आधी बघावं लागतं कारण त्यावर औषध बदलतं. तिला बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जायला सांगा.

प्रश्न : वय ५७. वाफा वगैरे कधीच थांबल्या. पण खाली कोरडं पडतं, लघवीला जळजळ, वर्षात चार वेळा इन्फेक्शन झालं, दर वेळी अँटिबायोटिक. मिस्टरांजवळ जायला नको वाटतं. हे सांगायची लाज वाटते म्हणून नाव लिहीत नाही.

उत्तर : लाज कशाची हो, माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या बायकांमध्ये हे फार जणींना असतं, फक्त त्या उठून दाराशी गेल्यावर, हँडलला हात लावून, मग सांगतात. वाफा आपोआप जातात पण हा त्रास आपोआप जात नाही, वाढतो, कारण एस्ट्रोजेन नसलं की तिथली कातडी पातळ होते. तुम्हाला अख्ख्या अंगाच्या हार्मोनची गरज नाही. एस्ट्रोजेनचं क्रीम आत लावायचं असतं, कमी डोसचं, आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, ते रक्तात फार थोडं जातं आणि वारंवार होणारी लघवीची इन्फेक्शनं पण त्याने कमी होतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. साबण तिथे लावणं आजपासून बंद करा. आणि पुढच्या इन्फेक्शनला अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी) करा.

प्रश्न : पत्नी ५० ची. रात्ररात्र झोपत नाही, बोललं की चिडते. तिने हार्मोन घ्यावं म्हणून मी कसं समजावू?
— एक गृहस्थ, रामबाग

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हे मला फार बरं वाटलं. पण समजावू नका, आधी विचारा की तिला नक्की काय होतंय. कदाचित तिला हार्मोन नकोच असेल, कदाचित तिला फक्त झोप हवी असेल, कदाचित तिच्या आईचं काही मनात असेल. तिला म्हणा की एका वहीत पंधरा दिवस लिही, रात्री किती वेळा उठलीस, कधी घाम आला, आणि शेवटची पाळी कधी आली ती तारीख. मग दोघं जा. तुम्ही बाहेर गाडीत बसून राहू नका, तिची हरकत नसेल तर तुम्हीही आत या, ती बोलताना मधे बोलू नका, आणि तिला गुठळी, स्ट्रोक, मायग्रेन असं काही पूर्वी झालेलं आठवत नसेल तर ते तुम्ही आठवून सांगा. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये घालून आणा.