घोडबंदर रोडला ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, तरी बेडरूममध्ये मोबाईलवर ४०च का मिळतात?

लाईन बहुधा ठीक आहे, वेग गळतोय तो राउटर आणि मोबाईलच्या मधे. मी ठाण्यात याच पट्ट्यातल्या रहिवासी टॉवरमध्ये राउटर बसवतो. अशा तक्रारीत मोबाईल बहुतेक वेळा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (रेडिओलहरींच्या पट्ट्यावर) अडकलेला सापडतो. त्या बँडवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, म्हणजे बँडमधल्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. वरचा, खालचा, समोरचा, सगळ्या फ्लॅटचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात, आणि एका चॅनेलवर एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं असतं. म्हणून ४०. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ या दुसऱ्या बँडला वेगळं नाव देऊन मोबाईल त्यालाच जोडा. फक्त हा बँड भिंतींपुढे लवकर थकतो, आणि नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही बऱ्याचदा काँक्रीटच्या असतात. त्यात राउटर दारामागच्या शू-रॅकमध्ये कोंबलेला! तो बाहेर काढून घराच्या मध्याकडे, उघड्यावर, छातीएवढ्या उंचीला ठेवा. पण आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा:

- २८०च्या आसपास आला, तर दोष वायफायचाच.
- ९४-९५लाच अडकला, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्ट (केबल लावायची खाच) १०० एमबीपीएसचा आहे, नाहीतर केबलमधल्या आठपैकी चारच तारा जोडल्यात. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

केबलवर दुपारी पूर्ण वेग आणि रोज रात्री निम्मा, असं असेल तर मात्र माझं वरचं म्हणणं लागू नाही. आकड्यांचे स्क्रीनशॉट काढून कंपनीकडेच तक्रार करा.