मंगल चांगला की वाईट, हे कोणाला विचारावे?

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे एक शिक्षक मंगल फॉन्टला बेढब म्हणतात आणि दुसरे त्याच्या स्पष्टपणाची वाखाणणी करतात, तेव्हा कोणाचे ऐकावे, असे तू विचारले आहेस. दोघांनाही माझे विचारणे एकच: कोणत्या आकारात, कशावर, कोणासाठी?

इटालियन डिझाइनर मासिमो विन्येली यांनी १९६७ साली अमेरिकन एअरलाइन्सचे बोधचिन्ह हेल्वेटिका या रोमन फॉन्टात केले आणि पुढेही ते त्या अक्षराच्या बाजूने उभे राहिले. जर्मन अक्षररचनाकार एरिक स्पीकरमन यांना मात्र त्यातली अक्षरे एकमेकांसारखी दिसतात, हे खटकते. विमानावरच्या दोन शब्दांत हा दोष जाणवणार नाही, बारीक मजकुराच्या पानावर जाणवेल.

मंगल सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला आणि तो विंडोज २००० बरोबर कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला. त्याआधी कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर, निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडत असे आणि घाटंजीसारख्या गावात रात्री जागून तो पुन्हा टंकावा लागे. ते ज्यांनी सोसले नाही, त्यांनी नाक मुरडण्यापूर्वी थांबावे. ग्रामपंचायतीच्या सूचना मी आजही मंगलमध्येच, मोठ्या आकारात छापतो. मला जुनाट म्हणणाऱ्यांनी त्या फळ्यासमोर उभे राहून वाचणारी माणसे पाहिलेली नाहीत.

तरीही पुस्तकासाठी मी तो घेणार नाही. त्याचे ल आणि श हिंदी वळणाचे आहेत आणि मराठीसाठी पाकळीचा ल व देठाचा श २००९ च्या शासननिर्णयाने ठरवून दिला आहे. पानभर तसा ल मला टोचतो. पुस्तकाचे काम या गावात माझ्या वाट्याला कधी आलेच नाही, ही खंत मात्र जात नाही.

तुझ्या पोळ्याच्या पत्रकावर मी खरोखर रागावलो आहे. पाच फॉन्टांची तुलना केलीस आणि एकही कागदावर उमटवून पाहिला नाहीस! पडद्यावर अक्षर हवे तितके मोठे करता येते. कागद हातात घेतलेल्या शेतकऱ्याला ती सोय नाही. कोणत्या आकारात, कशावर, कोणासाठी, हे ठरव, त्याच आकारात छाप, आठवडी बाजारात बियाण्यांच्या दुकानाबाहेर एखाद्या आजोबांना वाचायला दे आणि ते कोणत्या जोडाक्षराशी अडखळतात ते टिपून घे.

पुढच्या वेळी शिक्षकांची मते कळवू नकोस. ते टिपण केलेले कागद पाठव आणि प्रत्येकावर टाइपाचा आकार लिही.

तुझा,
काका