दहा हजारांत गेमिंगसाठी २४ इंची मॉनिटर घ्यावा की २७ इंची?

तुमचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, खेळता मुख्यतः व्हॅलोरंट आणि अधूनमधून जीटीए ५, बजेट दहा हजार. त्यात दुकानदार थोडे वर टाकले की २७ इंची देतो म्हणतोय, म्हणून मन डळमळतंय. मी सांगेन, २४ इंचीच घ्या.

दुकानदार दाखवतोय त्या २७ इंचीवरही पिक्सेल तेवढेच आहेत, १९२० बाय १०८०. २४ इंचीवर ते इंचाला ९२ च्या आसपास बसतात, २७ वर ८२ च्या. टीव्हीसारखं लांबून बघायचं असतं तर चाललं असतं, पण टेबलावर हातभर अंतरावरून अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. २७ इंचीत शोभतो तो १४४०पी, म्हणजे २५६० बाय १४४०, आणि त्यात पिक्सेल पावणेदोन पट. तुमच्या कार्डाला जीटीएमध्ये ते ओझं जड जाईल.

वाचलेले पैसे हर्ट्झवर घाला, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्यावर. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४ चा दर ६.९ ने. व्हॅलोरंट हलका गेम आहे, १६५० त्यात सेकंदाला १४४ च्या वर फ्रेम (चित्रं) आरामात काढतं. जीटीएमध्ये तेवढ्या निघणार नाहीत, तिथे फ्रीसिंक कामाला येतं: कार्ड जशा फ्रेम देईल तसा पडदा चालतो, चित्र मधोमध फाटत नाही. फ्रीसिंक एएमडीचं असलं तरी जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या १० सिरीज आणि त्यापुढच्या कार्डांवरही चालतं, फक्त डिस्प्लेपोर्टने (एचडीएमआयसारखीच वेगळी जोडणी) जोडायचं. म्हणून डिस्प्लेपोर्ट नसलेला मॉनिटर घेऊच नका.

खोक्यावरच्या ‘१ एमएस’ला, म्हणजे पिक्सेल एका मिलिसेकंदात रंग बदलतो या दाव्याला, भुलू नका. मी भुललो होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हौसेने व्हीए पॅनेलचा (पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर उचलून आणला. दुकानात रंगीबेरंगी डेमो चालू होता, काळा रंग तर काय सुरेख! घरी रात्री जीटीए लावला, गाडी वळवली, आणि प्रत्येक अंधाऱ्या खांबामागे ओली शाई बोटाने फासावी तसा पट्टा. स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग बदलायला वेळ लागतो, आणि तो १ एमएसचा आकडा बऱ्याचदा बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्याची) उघडझाप करून मिळवलेला असतो. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला रंग लवकर बदलायला लावणारी सेटिंग) शेवटच्या टोकाला नेऊन पाहिलं, तर काळ्याऐवजी पांढुरक्या सावल्या. तेव्हा पॅनेल आयपीएस प्रकारचं घ्या. त्यात अंधाऱ्या खोलीत कोपरे जरा उजळ दिसतात, त्याची सवय होते. ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) लिहिलंय म्हणून या किमतीत एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता माझी फजिती. पुढे १४४ हर्ट्झचा आयपीएस घेतला आणि तीन आठवडे सगळ्यांना सांगत होतो, काय मख्खन चालतो! एक मित्र घरी आला, माउस गोल फिरवून म्हणाला, “अरे, हा तर साठवर आहे.” विंडोज आपणहून हर्ट्झ वाढवेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो. मी तर जुन्याच मॉनिटरची एचडीएमआय केबल लावली होती, डिस्प्लेपोर्टची खोक्यात तशीच गुंडाळलेली. स्वस्त मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा पूर्ण हर्ट्झ देत नाही. आणि केबल कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डच्या नको. हसू नका, हेही मी केलंय.

दुकानातून घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिथेच जोडून पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा बघा. एखाददुसऱ्या मेलेल्या पिक्सेलसाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत, आणि तो एकदा दिसला की रोज दिसतो.

स्टँड बहुतेक नुसता पुढेमागे झुकणारा मिळेल, उंची बदलत नाही. माझ्या मॉनिटरखाली अजूनही बारावीची दोन जाडजूड गाइडं आहेत.